बुटीबोरीचा कागद कोणाच्या कपाटात?

नागपूरहून वर्धा मार्गाने सुमारे तीस किलोमीटरवर बुटीबोरी लागते. येथील औद्योगिक वसाहत विदर्भातील मोठ्या वसाहतींपैकी एक. कारखान्यांचे सांडपाणी कोठे जाते, हा परिसरातील रहिवाशाचा साधा प्रश्न. परंतु उत्तराचा कागद कोणाकडे, येथेच घोडे अडते. भूखंड व बांधकाम परवानगी औद्योगिक विकास महामंडळाकडे, संमतिपत्र व तपासणी अहवाल प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे, तर गावठाणातील गटारे नगर परिषदेकडे.

माहिती अधिकार कायद्याच्या कलम ६(३)ने या टोलवाटोलवीवर उपाय योजला आहे. अर्ज चुकीच्या कार्यालयात गेला, तर पाच दिवसांत तो योग्य कार्यालयाकडे वर्ग करणे बंधनकारक आहे. ‘आमच्याकडे संबंधित नाही’ एवढे लिहून तो परत करता येत नाही. अर्थात, कायदा वाचलेला अर्जदार समोर असला की हे कलम अधिकाऱ्यांना चटकन आठवते!

महाराष्ट्राला हा हक्क दिल्लीने शिकविला नाही. अण्णा हजारे यांच्या आंदोलनातून राज्याचा कायदा केंद्राच्या २००५च्या कायद्याआधीच आला होता. त्याच राज्याने २०१२मध्ये मात्र दीडशे शब्दांची व एका विषयाची मर्यादा घातली. त्यामुळे ‘प्रदूषण का रोखले नाही?’ असे विचारण्यात शब्द दवडू नयेत. कायदा कारणमीमांसा देत नाही, अभिलेख देतो. अमुक वर्षाचे संमतिपत्र आणि नमुना चाचणीचे अहवाल यांच्या प्रती मागणे अधिक फलदायी.

तीस दिवसांत उत्तर न आल्यास प्रथम अपील, पुढे राज्य माहिती आयोगाचे नागपूर खंडपीठ. विलंबाबद्दल दिवसाला २५० व कमाल २५ हजार रुपये दंडाची तरतूद आहे; परंतु आयोगापुढील अपिलांच्या गर्दीत तिचा धाक ओसरतो. ‘व्यापारी गुपित’ हे नकाराचे जुनेच कारण. नोव्हेंबर २०२५पासून लागू झालेल्या दुरुस्तीने वैयक्तिक माहितीचा अपवादही सैल केला असून, अहवालावर सही कोणाची, हेसुद्धा झाकण्याचा मोह होऊ शकेल. व्यापक जनहिताचे कलम ८(२) मात्र शाबूत आहे. अर्जदाराने त्याचा उल्लेख अपिलात आवर्जून करावा.