राजीनाम्याची किंमत

मराठीत ‘राजीनामा’ म्हणजे पदत्याग. परंतु भोपाळच्या न्यायालयांत हाच शब्द निराळ्या अर्थाने कानी पडतो. वादी आणि प्रतिवादी यांच्यात समेट झाला, म्हणजे त्या समेटाच्या लेखास येथे ‘राजीनामा’ म्हणतात. पद सोडण्यास हिंदीत ‘इस्तीफा’ हा स्वतंत्र शब्द आहे. घरी मराठी आणि दारी हिंदी बोलणाऱ्या आमच्या विद्यार्थ्यांची यामुळे कधी कधी गंमत होते. तथापि गेल्या साठ वर्षांतील राजकारणाकडे पाहिले, तर पुष्कळशा राजीनाम्यांना मराठीपेक्षा हिंदी अर्थच अधिक शोभतो, असे म्हणावेसे वाटते.

फ्रान्समध्ये १९४६ ते १९५८ या काळात वीसहून अधिक मंत्रिमंडळे आली आणि गेली. पुढे राज्यघटना बदलून राष्ट्राध्यक्षाचे हात बळकट करण्यात आले. तरीही ऑक्टोबर २०२५ मध्ये लेकोर्न्यू या पंतप्रधानांनी सायंकाळी मंत्र्यांची नावे जाहीर केली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी स्वतःच राजीनामा दिला. चारच दिवसांनी त्यांची पुन्हा नेमणूक झाली! अशी वार्ता वाचली की आपण हसतो. परंतु हसण्यापूर्वी आपल्याच नगरीचा इतिहास आठवावा.

मिंटो हॉल (आता त्यास कुशाभाऊ ठाकरे यांचे नाव आहे) ही वास्तू आपण सर्वांनी पाहिली आहे. मध्यप्रदेशची विधानसभा तेव्हा तेथे भरत असे. जुलै १९६७ मध्ये काँग्रेसचे छत्तीस सदस्य विरोधकांना जाऊन मिळाले, पंडित द्वारकाप्रसाद मिश्र यांचे सरकार कोसळले आणि पक्ष सोडून गेलेल्यांचे पुढारी गोविंद नारायण सिंह मुख्यमंत्री झाले. मार्च १९६९ मध्ये त्यांनीही पद सोडले. त्यांच्यामागून आलेले राजे नरेशचंद्र सिंह अवघे तेरा दिवस मुख्यमंत्री होते. नंतर श्यामाचरण शुक्ल आले. वीस महिन्यांत या राज्याने चार मुख्यमंत्री पाहिले. एवढ्या काळात शाळेतला मुलगा दोन इयत्ताही पुढे जात नाही!

या प्रकारास आळा घालण्यासाठी १९८५ मध्ये पक्षांतरबंदीचा कायदा झाला. पण कायद्याने खिडकी लावली आणि दार मोकळे ठेवले. एकट्याने पक्ष सोडला तर सदस्यत्व जाते; दोन-तृतीयांश सदस्यांनी मिळून दुसऱ्या पक्षात विलीन व्हायचे ठरविले तर ते शाबूत राहते. आमच्या गोव्यात २०१९ च्या जुलैमध्ये काँग्रेसच्या पंधरांपैकी नेमके दहा आमदार पलीकडे गेले. भागाकार इतका अचूक की गणिताच्या शिक्षकाने पाठ थोपटावी.

भोपाळमध्ये मार्च २०२० मध्ये तिसरीच वाट सापडली. बावीस आमदारांनी पक्ष न बदलता थेट आमदारकीचाच राजीनामा दिला. त्यांत सहा मंत्री होते. सभागृहाची सदस्यसंख्या घटली, बहुमताचा आकडा खाली आला आणि २० मार्च रोजी मुख्यमंत्री कमलनाथ यांनी पद सोडले. २३ मार्च रोजी शिवराजसिंह चौहान यांचा शपथविधी झाला. त्यानंतर जवळजवळ एक महिना, महामारीने सारा देश दाराआड बसला असता, या राज्यात मुख्यमंत्र्यांखेरीज एकही मंत्री नव्हता. आरोग्यखात्यालाही नव्हता. फेरबदलाची किंमत कोण मोजतो, हे याहून स्पष्ट काय दिसणार?

राजीनामा दिलेल्यांपैकी कित्येक पुढे आमदार नसतानाच मंत्री झाले. घटनेच्या १६४ व्या अनुच्छेदाने सहा महिन्यांची मुभा दिलेली आहे. दोघांचे सहा महिने पोटनिवडणुकीपूर्वीच संपले, म्हणून त्यांना ऑक्टोबरमध्ये पुन्हा पद सोडावे लागले. नोव्हेंबरमध्ये मतदारांनी तीन मंत्र्यांना घरी बसविले, इतरांपैकी पुष्कळांना निवडून दिले. मतदारांचा कौल मान्य केलाच पाहिजे. माझा आक्षेप निवडून येण्यास नाही, आधी मंत्री होऊन मग मते मागण्यास आहे.

आता दुसरे उदाहरण. ज्या राज्यपुनर्रचनेमुळे १ नोव्हेंबर १९५६ रोजी भोपाळ राजधानी झाले आणि नागपूरहून कित्येक मराठी कुटुंबे नोकरीनिमित्त येथे आली, त्याच पुनर्रचनेच्या वादात चिंतामणराव देशमुखांनी केंद्रीय अर्थमंत्रिपद सोडले. १९५६ च्या जानेवारीत मुंबई केंद्राच्या ताब्यात ठेवण्याचा निर्णय जाहीर झाला. असा निर्णय मंत्रिमंडळाशी विचारविनिमय न करता घेतला गेला, हा त्यांचा मुख्य आक्षेप होता. मुंबईतील गोळीबाराच्या चौकशीचाही त्यांनी आग्रह धरला होता. त्यांचा राजीनामा कित्येक महिने पडून राहिला आणि जुलैमध्ये मान्य झाला. तेव्हा त्यांनी लोकसभेत उभे राहून आपली कारणे पंतप्रधानांच्या तोंडावर सांगितली. नेहरूंनी ती मान्य केली नाहीत. पण देशाला दोन्ही बाजू ऐकावयास मिळाल्या. देशमुख त्यानंतर दुसऱ्या कोणाच्या मंत्रिमंडळात गेले नाहीत. विद्यापीठ अनुदान मंडळाचे काम त्यांनी पत्करले.

प्रत्येक मंत्र्याने देशमुख व्हावे, अशी अपेक्षा वेडेपणाची ठरेल. मतभेद खरा असू शकतो, पक्ष सोडणेही प्रसंगी योग्य असते. परंतु पद सोडणाऱ्याने आपले कारण दूरच्या पथिकाश्रमातून नव्हे, तर सभागृहात उभे राहून सांगावे, आणि ज्याने मतदारांनी दिलेली जागा मुदतीपूर्वी सोडली, त्यास पुन्हा निवडून येईपर्यंत मंत्रिपद मिळू नये. पक्षांतरामुळे अपात्र ठरलेल्यांना २००३ च्या घटनादुरुस्तीने हाच नियम लागू केलेला आहे. राजीनामा देणारे तेवढे त्यातून सुटले आहेत. ही उणीव भरून काढण्यास संसदेला एक वाक्य पुरेल. ज्याचा मतभेद खरा आहे, त्याला सहा महिने वाट पाहणे जड जाऊ नये. देशमुखांना आपला राजीनामा मान्य होण्यासाठीच तितके थांबावे लागले होते.