जॉबवर्कचा फोन

भिवंडीत लूम असलेल्या घराला जॉबवर्क म्हणजे काय, हे शिकवावं लागत नाही. सूत व्यापाऱ्याचं, कापडही व्यापाऱ्याचं. आपल्या वाट्याला मजुरी, लाइटबिल आणि खडखडाट. आपल्या पिढीच्या हातातला स्मार्टफोन याच पद्धतीने चालतो, असं माझं म्हणणं आहे. हप्ते आपण भरतो, चार्जिंग आपण करतो. आणि आपण कुठे जातो, कोणाशी बोलतो, काय शोधतो, हा त्यातून निघालेला माल भलताच कोणी उचलून नेतो. लूमवाल्याला निदान मजुरी तरी मिळते.

मी वळमध्ये राहतो. इथल्या गोडाऊनांतून ऑनलाइन मागवलेल्या मालाची खोकी रात्रंदिवस मुंबई-नाशिक हायवेला लागतात. कोणत्या सेलमध्ये कोणता फोन किती स्वस्त, कॅमेरा किती मेगापिक्सेलचा, हे आमच्या पोरांना तोंडपाठ असतं. पण जुना फोन टाकून नवा घेताना एक प्रश्न कोणी विचारत नाही: हा फोन माझं ऐकेल की कंपनीचं?

ज्यांना हा प्रश्न फालतू वाटतो, त्यांनी नोव्हेंबर 2020 आठवावा. 'मुस्लिम प्रो' हे नमाजाच्या वेळा सांगणारं ॲप जगभरात कोट्यवधी लोकांनी डाउनलोड केलेलं. ते वापरणाऱ्यांचं लोकेशन 'एक्स-मोड' नावाच्या कंपनीकडे जात होतं आणि त्या कंपनीचा डेटा अमेरिकी लष्कराच्या कंत्राटदारांपर्यंत पोहोचत होता, हे 'मदरबोर्ड'च्या पत्रकारांनी उघड केलं. गदारोळ झाल्यावर ॲपने एक्स-मोडशी संबंध तोडल्याचं जाहीर केलं. आपल्याकडे चार दिवस फॉरवर्ड फिरले आणि विषय संपला.

इंजिनिअर म्हणून मला यातलं एकच खुपतं. नमाजाच्या वेळा सूर्याच्या स्थितीवरून निघतात. गावाचे अक्षांश-रेखांश, तारीख, हिशेबाची पद्धत आणि अस्रसाठी शाफई की हनफी, एवढं एकदा भरलं की पुढचं गणित साधा फोनही इंटरनेटशिवाय करतो. ॲपने दिवसभर आपला माग काढायची गरजच नाही. वळ काही जागेवरून हलत नाही. ज्या ॲपचा कोड खुला असतो, त्यात अशी चोरवाट ठेवणं अवघड जातं, कारण कोणीही जाणकार तो वाचू शकतो. 'एफ-ड्रॉइड' या खुल्या ॲपच्या भांडारात नमाजाच्या वेळांची अशी ॲप आहेत. फुकट आहेत.

खुलेपणाचा फायदा भाषेलाही होतो. उर्दू वाचणाऱ्यांना आयफोनवर नस्तालीक अक्षर सहज दिसायला 2017 उजाडलं, कारण दार ॲपलच्या हातात होतं. 'नोटो नस्तालीक उर्दू' हा फाँट मात्र खुला आहे. खुल्या सिस्टीममध्ये तो बसवायला कंपनीच्या मर्जीची वाट पाहावी लागत नाही. लूमचा पार्ट तुटला तर जॉबर तो बदलतो, त्यासाठी कारखान्याला अर्ज करत नाही. फोनबाबत एवढाच हक्क मी मागतो आहे.

यावर तीन उत्तरं मला नेहमी मिळतात.

पहिलं: "आपल्याला लपवण्यासारखं आहे काय?" घरात गुन्हा होत नाही म्हणून आपण दार काढून ठेवत नाही. 24 ऑगस्ट 2017 रोजी पुट्टस्वामी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या 9 न्यायाधीशांनी एकमताने खासगीपणाला मूलभूत हक्क ठरवलं. हा हक्क वापरला तर टिकतो. 2025 च्या अखेरीस सरकारने प्रत्येक नव्या फोनमध्ये 'संचार साथी' ॲप आधीच टाकण्याचा आदेश कंपन्यांना दिला. लोकांनी आवाज उठवला आणि डिसेंबरच्या पहिल्याच आठवड्यात सक्ती मागे घ्यावी लागली.

दुसरं उत्तर हळू आवाजात येतं: "मुसलमान पोराच्या हातात असा फोन दिसला तर पोलीस काय समजतील?" ही भीती मी हसण्यावारी नेत नाही. पण नीट समजून घ्या: फोनचा आयएमईआय नंबर बदलणं हा गुन्हा आहे, त्याला कधीच हात लावू नका. आपल्या पैशाने घेतलेल्या फोनमध्ये दुसरी सिस्टीम टाकणं ही वेगळी गोष्ट आहे. हे काम जगभरचे विद्यार्थी आणि इंजिनिअर उघडपणे करतात. संशयाच्या भीतीने आपण आपलं दार स्वतःच उघडं ठेवायला लागलो, तर संशय घेणाऱ्याला काही करायची गरजच उरत नाही.

तिसरं: "बँकेची ॲप चालत नाहीत." हे उत्तर खरं आहे. सिस्टीम बदललेल्या फोनवर काही बँका आणि यूपीआय ॲप नकार देतात. माझा पैसा, माझा फोन, आणि तरी परवानगी तिसऱ्याची! हा आक्षेप खुल्या फोनवर नाही, त्या बँकांवर घ्यायला हवा. तोपर्यंत पैशाचे व्यवहार एका फोनवर आणि बाकीचं आयुष्य दुसऱ्यावर, असा मार्ग आहे.

दुसरा फोन कुठून आणायचा? कपाटातून. कंपनीने अपडेट थांबवले म्हणून टाकून दिलेला फोन बऱ्याचदा धडधाकट असतो. 'लिनेजओएस'च्या यादीत आपलं मॉडेल आहे का, ते पाहा. असेल तर तो फोन गूगलच्या ॲपशिवाय, नव्या सुरक्षा अपडेटसह पुन्हा उभा राहू शकतो. आधी फोटो आणि नंबर दुसरीकडे साठवा, कारण बूटलोडर उघडताना फोन पूर्ण पुसला जातो. उघडा बूटलोडर म्हणजे फोन चोराच्या हाती लागल्यास धोका जास्त, हेही ध्यानात ठेवा.

नवाच घ्यायचा असेल तर दुकानदाराला कॅमेऱ्याआधी दोन गोष्टी विचारा: बूटलोडर उघडता येतो का, आणि सुरक्षा अपडेट किती वर्षं मिळतील? गंमत अशी, की सर्वांत कडेकोट खुली सिस्टीम, 'ग्राफीनओएस', गूगलच्याच पिक्सेल फोनवर बसते आणि बसवल्यावर बूटलोडर पुन्हा बंदही करता येतो. पिक्सेल 8 पासून पुढच्या फोनना 7 वर्षं अपडेट आहेत. नवा महाग पडतो. जुना बाजार आहेच.

बहिष्काराच्या याद्या आपण उत्साहाने पुढे पाठवतो. शीतपेय सोडणं सोपं असतं. ज्या फोनवरून ती यादी पाठवली, तो कोणाची चाकरी करतो, हे विचारणं अवघड आहे. प्रत्येक मोहल्ल्यात असे फोन बसवून देणारी चार पोरं तयार झाली पाहिजेत. जिथे दर गल्लीत लूम खोलून जोडणारा जॉबर सापडतो, त्या भिवंडीला हे जड जाऊ नये.