मासा गळाला ‘लागतो’!

बरेच दिवस एका विषयावर चिडून लिहायचं होतं. आज लिहितोच. नातेवाईक मंडळींना आधीच सांगतो, हे मासेमारीबद्दल आहे, पण तळून खायच्या माशांबद्दल नाही. तरी वाचा, कारण शेवटी मावशीच्या एका जुन्या प्रश्नाचं उत्तर आहे. (अर्धंच आहे, पण आहे!)

माझा राग आहे तो झटक्यावर.

डॅलसहून पूर्वेला दीडेक तासावर लेक फोर्क नावाचं धरण आहे. १९८० साली बांधून झालं. तळातली बरीचशी झाडं न तोडताच पाणी भरलं, त्यामुळे आजही पाण्यातून वाळके बुंधे वर आलेले दिसतात. त्या बुंध्यांच्या आडोशाला लार्जमाउथ बास राहतात. टेक्सासचा विक्रमी बास इथलाच, जानेवारी १९९२ मधला, १८.१८ पौंडांचा. म्हणजे जवळजवळ सव्वाआठ किलो. मी तिथे कयाक घेऊन जातो. कयाक म्हणजे एका माणसाची, वल्ह्यानं चालवायची अरुंद होडी. माझी बारा फुटांची आहे आणि तिचं वजन माझ्यापेक्षा कमी आहे.

बास आमिष चावून खात नाही. तो अचानक तोंड उघडतो, पाण्याबरोबर आमिष आत ओढतो आणि नकली आहे असं वाटलं की तितक्याच चटकन थुंकून टाकतो. मधल्या क्षणात गळाचं टोक त्याच्या जबड्यात रुतवायचं असतं. याला इथे हुकसेट म्हणतात. सगळा खेळ त्या क्षणाचा.

आता टीव्हीवर हे कसं दाखवतात बघा. वीसेक फुटांची मोटरबोट, एका टनाहून जड. तिच्यावर उभा असलेला माणूस कंबरेतून मागे झुकतो आणि दात-ओठ खाऊन रॉड असा उपसतो, जणू विहिरीतून म्हैस काढतोय. मग आरोळी. हे पाहून पाहून कयाकवाल्यांची अख्खी पिढी बिघडली आहे. मासा निसटला की सल्ला एकच: “जोरात मारायला हवा होतास!”

चूक. साफ चूक.

त्या बोटीवरचा माणूस पायांवर उभा आहे. पायांचा, कंबरेचा, पाठीचा जोर त्याला वापरता येतो आणि खालची टनभर बोट जागची हलत नाही. कयाकमध्ये आपण पाण्याच्या पातळीवर पाय पसरून बसलेलो असतो. जोर फक्त हातांचा. आपण ओढत राहिलो की होडीच माशाकडे सरकते, आणि आडवं ओढलं तर कलते किंवा फिरते.

विश्वास नसेल तर घरी करून बघा. मी केलंय. भारतात येताना बॅगा तोलायचा काटा दाराच्या मुठीला बांधला, त्याला रॉडची लाईन बांधली आणि मी चाकांच्या खुर्चीत पाय उचलून बसलो. काटा वाचायला बायको. लाईन सैल ठेवून टीव्हीसारखा झटका मारला. काटा जेमतेम हलला, मी मात्र गोल फिरून दाराकडे निघालो. मग आधी लाईन ताणून घेतली, कोपर अंगाशी ठेवलं आणि फक्त कंबरेतून वळलो. काटा मघापेक्षा कितीतरी पुढे गेला. बायकोचा अभिप्राय: “एवढ्यासाठी मला स्वयंपाकघरातून बोलावलंस?”

पण खरं तर मला हे खुर्चीवर बसून शिकायची गरजच नव्हती. आम्ही येवल्याचे. संक्रांतीला गच्चीवर पतंग उडवणाऱ्या कुठल्याही पोराला विचारा, दोऱ्यात झोल असताना हिसका मारून पतंगाला काही कळतं का? आधी आसारीवर दोरा गुंडाळून झोल काढायचा, पतंगाचं वजन हाताला लागलं की मगच खेच. सातव्या वर्षी येत होतं ते मी चाळिशीत टीव्ही बघून विसरलो!

विसरल्याची शिक्षाही झाली. दोन वर्षांपूर्वी मार्चमधल्या एका सकाळी पाण्यावर तरंगणाऱ्या आमिषावर मासा उसळला. मी पाणी उडालेलं बघूनच खांद्यावरून झटका मारला. माशानं आमिष तोंडात घेतलंच नव्हतं. ते गोळीसारखं माझ्या टोपीत येऊन रुतलं, मी मागे कललो आणि कयाक उलटली. लाइफ जॅकेट घातलेलं होतं म्हणून हे लिहितोय. रॉड गेला, डबा गेला. एक तिहेरी गळ टोपीच्या कडेत अडकलेला, डोळ्यापासून दोन बोटांवर.

त्यानंतर मी दुसऱ्या टोकाला गेलो. कुणीतरी सांगितलं, मासा लागला की तीन अंक मोज, मग ओढ. मोजले. मासा मिळाला, पण गळ पार घशात. काढताना कल्ल्यांतून रक्त आलं. अंदाजे अठरा इंचांचा होता. लेक फोर्कवर सोळा ते चोवीस इंचांमधला बास परत सोडावाच लागतो, तसा सोडला. थोडा वेळ हातात धरून ठेवला, मग गेला, आणि दहा हातांवर पोट वर करून तरंगायला लागला. नियम पाळला होता. मासा मेला होता.

त्या दिवशी लक्षात आलं की झटका मारणारा आणि अंक मोजणारा, दोघेही एकच चूक करतात. दोघांचंही हाताला काय जाणवतंय याकडे लक्ष नसतं.

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. हुकसेट हा ताकदीचा विषय नाही. तो झोल काढण्याचा आणि टोकाच्या धारेचा विषय आहे. कयाकचं नाक शक्यतो माशाच्या दिशेला ठेवा. पाय टेकवून घट्ट करा. टुकटुक जाणवली की रॉडचं टोक खाली नेऊन रीळ फिरवा आणि वजन लागलं की कोपर न फेकता कंबरेतून वळा, रीळ न थांबवता. तिहेरी गळाच्या आमिषाला तर नुसतं रीळ फिरवत राहणं बहुतेक वेळा पुरतं. गळ नखावर टेकवून बघा. घसरला तर बोथट आहे, कानशीनं घासा किंवा बदला. नायलॉनचा तंगूस रबरासारखा लांबतो, विणलेली लाईन जवळजवळ लांबत नाही, तेव्हा लांबवर टाकायचं असेल तर ती वापरा.

यावर झटक्याचे भक्त म्हणतील, “प्लॅस्टिकच्या किड्यात लपवलेला जाड गळ असा रुतेल का?” मुद्दा अगदीच खोटा नाही. टोकाला आधी प्लॅस्टिक भेदायचं असतं, मग जबडा. पण मग गळ बारीक तारेचा घ्या ना! टोक किड्याच्या अगदी कातडीखाली ठेवा. दाट शेवाळावर रबरी बेडूक टाकता तेव्हा जोर लागतो, मान्य. पण तिथेही वजन जाणवल्यावरच. आपल्या होडीला न झेपणारा गळ घ्यायचा आणि दोष मनगटाला द्यायचा, हे काही खरं नाही.

आता मावशीचा प्रश्न. दर फोनवर ती विचारते, “सोडूनच द्यायचा तर धरतोस कशाला रे त्या बिचाऱ्याला?”

मावशी, पूर्ण उत्तर माझ्याकडे नाही. मला ते आवडतं, एवढंच खरं सांगता येतं. पण त्याला धरायचंच असेल, तर गळ ओठाच्या कडेला लागावा, अर्ध्या मिनिटात निघावा आणि मासा शेपटी मारून माझ्या तोंडावर पाणी उडवत जावा, इतकं तरी मी त्याचं देणं लागतो. आरोळ्या ठोकणाऱ्यांना हे देणं दिसत नाही, म्हणून हा राग.

आपल्या भाषेला ते आधीपासून ठाऊक आहे बघ. आपण म्हणतो मासा गळाला ‘लागला’. ‘मारला’ म्हणत नाही.

असो. शनिवारी पुन्हा जातोय. टोपी नवीन घेतली आहे.