पहिले पाऊल



शाळांना सुटी लागली आणि नातवंडे घरी आली, की हल्ली त्यांच्या पिशवीतून एक निराळेच पुस्तक बाहेर पडते. मुखपृष्ठावर मूठ आवळलेला मुलगा, आत काळ्या-पांढऱ्या चित्रांच्या चौकटी, आणि वाचायचे ते उजवीकडून डावीकडे, म्हणजे आपल्या हिशेबाने शेवटाकडून. या जपानी चित्रकथांना ‘मांगा’ म्हणतात. त्यांतील पुष्कळ कथांचा सांगाडा एकच असतो. लहानशा गावातला, साध्या घरातला मुलगा. मनात मोठे स्वप्न. आणि त्या स्वप्नापर्यंत पोहोचण्यासाठी एकामागून एक झुंजी.

‘ही मारामारी मुलांनी वाचायची तरी कशाला?’ हा आजी-आजोबांचा प्रश्न रास्त आहे. काही मांगा खरोखरच हिंसक असतात, आणि कोणते पुस्तक कोणत्या वयाच्या हाती द्यावे हे वडीलधाऱ्यांनी पाहायलाच हवे. परंतु नाक मुरडण्यापूर्वी त्यांतील एखादी कथा नातवाकडून समजावून घ्यावी, असे मी सुचवेन. पडलेल्या माणसाने पुन्हा उभे कसे राहावे, हा या कथांचा खरा विषय आहे, आणि आपल्या वयात त्याहून जवळचा विषय दुसरा नाही.

दहा पानांची परीक्षा

‘हाजिमे नो इप्पो’ ही जॉर्ज मोरिकावा यांची मुष्टियुद्धावरील मांगा १९८९ साली एका जपानी साप्ताहिकात सुरू झाली आणि तिचे शंभराहून अधिक खंड निघाले आहेत. तिचा नायक इप्पो हा बुजरा, शाळेत इतरांचा मार खाणारा मुलगा. वडील समुद्रात गेलेले. आई मासेमारीची नाव चालवते आणि हा तिच्या हाताखाली काम करतो. आपल्याला मुष्टियुद्ध शिकायचे आहे असे तो म्हणतो, तेव्हा एक अनुभवी मुष्टियोद्धा त्याला सांगतो : झाडावरून गळणारी दहा पाने एका हाताने झेलून दाखव, मुदत एक आठवडा. पहिल्या दिवशी हाती काहीच लागत नाही. मुलगा रोज झाडाखाली उभा राहतो, आणि आठवड्याच्या शेवटी दहा पाने त्याच्या मुठीत असतात.

ही परीक्षा लक्षात ठेवण्याजोगी आहे. तिच्यात ‘विजेता हो’ असे कोणी म्हटले नाही. मोजता येईल असे एक छोटे काम आणि त्याची मुदत, एवढेच ठरवून दिले. पक्षाघातानंतर किंवा खुब्याच्या शस्त्रक्रियेनंतर घरी आलेल्या रुग्णाला फिजिओथेरपिस्ट हेच करायला सांगतात. ‘पूर्वीसारखे चालायचे आहे’ हे उद्दिष्ट इतके दूरचे असते की त्याकडे पाहूनच धीर खचतो. ‘या आठवड्यात पलंगापासून खिडकीपर्यंत, वॉकर धरून, दिवसातून तीन वेळा’ हे मात्र जमण्यासारखे असते. ‘हाजिमे नो इप्पो’ या नावाचा एक अर्थ ‘पहिले पाऊल’ असाच आहे.

तळेगाव रोहीचा दत्तू

हे सारे कागदावरचे झाले, असे कोणी म्हणेल. म्हणून आपल्याच नाशिक जिल्ह्यातील एक खरी हकीकत आठवू या. चांदवड तालुक्यातील तळेगाव रोही हे दुष्काळाशी झगडणाऱ्या टापूतले गाव. तेथे १९९१ साली जन्मलेला दत्तू भोकनळ. वडील विहिरी खोदण्याचे काम करीत, आणि दत्तू शाळकरी वयातच त्यांच्या जोडीने खोदकामाला जाऊ लागला. २०११ साली वडिलांचे निधन झाले. पुढच्या वर्षी तो सैन्यात भरती होऊन पुण्यास आला. त्याची उंची आणि बांधा पाहून त्याला नौकानयनात घेतले गेले आणि कुदरत अली यांच्यासारखे प्रशिक्षक लाभले. ज्याच्या गावात पाणी शोधण्यासाठी जमीन फोडावी लागते, त्या मुलाला प्रारंभी पाण्याचीच भीती वाटत होती.

भीती गेली ती रोज पाण्यात उतरूनच. २०१५ साली त्याने बीजिंग येथील आशियाई स्पर्धेत रौप्यपदक मिळविले. एप्रिल २०१६ मध्ये दक्षिण कोरियातील चुंगजू येथे तो ऑलिंपिकसाठी पात्र ठरला. त्या सुमारास त्याची आई डोक्याला झालेल्या गंभीर दुखापतीने आजारी होती. मुलाने काय मिळविले हे समजून घेण्याच्या अवस्थेतही ती नव्हती. रिओला गेलेला तो भारताचा एकमेव नौकानयनपटू होता आणि तेथे त्याचा क्रमांक तेरावा लागला.

२०१८ च्या आशियाई क्रीडास्पर्धांत प्रकृती बरी नसताना तो एकट्याच्या शर्यतीत उतरला आणि अंतिम फेरीत सर्वांत मागे, सहावा आला. दुसऱ्या दिवशी सवर्ण सिंग, ओमप्रकाश आणि सुखमीत सिंग यांच्यासह चौघांच्या नावेत बसून त्याने सुवर्णपदक मिळविले. २०२० साली त्याला अर्जुन पुरस्कार मिळाला.

या हकीकतीतून पदके वगळली तरी दोन गोष्टी उरतात. पहिली, विहिरीवरची मेहनत वाया गेली नाही. नौकानयनात जोर केवळ दंडांचा नसतो, तो मुख्यतः पायांचा आणि पाठीचा असतो. इप्पोच्या ठोशातील ताकदसुद्धा नावेवर ओझी वाहून कमावलेल्या पायांतूनच येते. दुसरी, एकट्याने जे साधले नाही ते चौघांत साधले. या दोन्ही गोष्टी आपल्या घराला लागू पडतात.

नव्वदीतही स्नायू ऐकतात

वय वाढते तसे स्नायू आक्रसतात, विशेषतः मांड्यांचे. दीर्घकाळ पडून राहिल्यास ही झीज झपाट्याने होते. एकदा पाय घसरला, की माणूस घाबरतो. घाबरला की चालणे कमी करतो. चालणे कमी झाले की पाय अधिक दुबळे होतात आणि पुन्हा पडण्याचा संभव वाढतो. कृषीनगरच्या ट्रॅकवर रोज दिसणारे एखादे गृहस्थ एका पडण्यानंतर कायमचे दिसेनासे होतात. हाड जुळून आलेले असते, पण मनातली धास्ती जात नाही. आपल्या ओळखीत असे कोणी ना कोणी असेलच.

‘आता या वयात काय ताकद येणार?’ हा समज मात्र खरा नाही. १९९० साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, वृद्धाश्रमात राहणाऱ्या, नव्वदीच्या घरातील दहा अशक्त व्यक्तींना तज्ज्ञांच्या देखरेखीखाली आठ आठवडे वजने उचलण्याचा व्यायाम दिला गेला. ज्या नऊ जणांनी तो पूर्ण केला, त्यांच्या पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली, म्हणजे मूळच्या अडीच पटींहून अधिक झाली. जागतिक आरोग्य संघटनाही पासष्टीपुढील व्यक्तींना आठवड्यातून किमान दीडशे मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम, किमान दोन दिवस स्नायूंचे बळ वाढविणारा आणि किमान तीन दिवस तोल सावरण्याचा व्यायाम सुचविते. ज्यांना हे सारे जमत नाही, त्यांनी जमेल तेवढे करावे. थोडी हालचाल ही मुळीच नसण्यापेक्षा केव्हाही बरी.

आपल्या डॉक्टरांची संमती असल्यास पुढील तीन गोष्टी घरच्या घरी करता येतात.

१. हात असलेली, न घसरणारी खुर्ची भिंतीला टेकवून ठेवावी. तिच्यातून सावकाश उठावे, सरळ उभे राहावे आणि सावकाश बसावे. प्रारंभी हातांचा आधार घ्यावा. पाच वेळांपासून सुरुवात करून हळूहळू दहापर्यंत जावे.

२. स्वयंपाकघराचा ओटा दोन्ही हातांनी धरून टाचा उचलाव्यात, क्षणभर थांबावे आणि टाचा टेकवाव्यात. असे दहा वेळा करावे.

३. ओट्यालाच धरून एका पावलाची टाच दुसऱ्या पावलाच्या बोटांपुढे ठेवावी आणि दहा आकडे मोजेपर्यंत उभे राहावे. नंतर पाय बदलावा. या वेळी घरातील कोणीतरी शेजारी असावे.

जे जमले ते भिंतीवरच्या दिनदर्शिकेत त्या त्या तारखेच्या चौकटीत लिहून ठेवावे. पंधरा दिवसांनी मागची तारीख पाहिली, की आपण कोठून कोठे आलो ते दिसते. नौकानयनपटूसुद्धा शर्यतीत अंतिम रेषेकडे पाठ करूनच बसलेला असतो. त्याला दिसते ते मागे पडलेले पाणी, आणि तेवढ्यावर तो दोन हजार मीटरांची शर्यत पुरी करतो.

शुश्रूषा करणाऱ्यांसाठी दोन शब्द

मुष्टियुद्धाच्या मांगांत रिंगणाच्या कोपऱ्यात एक म्हातारा प्रशिक्षक उभा असतो. इप्पोच्या कथेत ते कामोगावा गुरुजी. फेरी संपली की ते शिष्याचा घाम पुसतात, पाणी देतात, दोन शब्द सांगतात. परंतु घंटा वाजली की बाहेर सरतात. शिष्याच्या वाट्याचा ठोसा ते स्वतः मारत नाहीत. घरात शुश्रूषा करणाऱ्या सुनेने, मुलीने, मुलाने किंवा जोडीदाराने हा कोपरा आठवावा. ‘तुम्ही बसा, मी देते’ हे वाक्य प्रेमाचे खरे, पण दिवसातून वीस वेळा म्हटले गेले तर समोरच्या माणसाचे वीस वेळा उठणे हिरावले जाते. पाण्याचा पेला त्यांना स्वतः घेऊ द्यावा, सदऱ्याची बटणे स्वतः लावू द्यावीत. वेळ लागेल, तो लागू द्यावा. आपण हाताच्या अंतरावर उभे राहावे.

आणि शुश्रूषा करणाऱ्याचेही स्वप्न असते. आई अंथरुणावर असताना परदेशी जाऊन वल्ही मारणाऱ्या मुलाच्या मनात काय चालले असेल, त्याची कल्पना आपण करू शकतो. पण माणूस अंथरुणाला लागले म्हणून घरातील प्रत्येकाने आपले शिक्षण, नोकरी, छंद सोडून उशाशी बसावे, ही अपेक्षा रुग्णाच्याही हिताची नसते. थकलेला, मनातून कुढणारा माणूस चांगली शुश्रूषा करू शकत नाही. चार वल्हेकऱ्यांची नाव येथे उपयोगी पडते. रात्रीचे जागरण एकाकडे, औषधे आणणे दुसऱ्याकडे, दवाखान्याच्या खेपा तिसऱ्याकडे, आणि परगावी असलेल्या भावंडाने खर्चाचा वाटा उचलून रोज ठरलेल्या वेळी फोन करावा. हे बोलून, कागदावर लिहून ठरवावे. न बोलता सारे एकाच बाईच्या अंगावर पडते, हा आपल्या घरांचा जुना अनुभव आहे.

थांबणे हेही शहाणपण

झुंजीच्या कथांतून एक गैरसमज मात्र घेऊ नये, तो म्हणजे कितीही दुखले तरी रेटायचे. स्वतः इप्पोसुद्धा पुढे, डोक्यावर बसलेल्या ठोशांचे परिणाम दिसू लागल्याच्या शंकेने, स्पर्धेतून निवृत्त होतो आणि इतरांना शिकवू लागतो. आपल्यासाठी नियम सोपा आहे. व्यायाम करताना छातीत दुखणे किंवा दडपण, नेहमीपेक्षा अधिक दम, चक्कर, अचानक आलेला अशक्तपणा यांपैकी काहीही जाणवले तर तत्काळ थांबून बसावे आणि वैद्यकीय मदत घ्यावी. चेहरा वाकडा होणे, बोलणे अडखळणे किंवा एका बाजूचा हात-पाय लुळा पडणे या लक्षणांत तर क्षणही दवडू नये. थेट रुग्णालय गाठावे. ताप असेल त्या दिवशी व्यायामाला सुटी द्यावी. नुकतीच शस्त्रक्रिया झालेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याविना वरीलपैकी काहीही सुरू करू नये.

तेव्हा येत्या पंधरवड्यासाठी आपणही आपली ‘दहा पाने’ ठरवावीत. कोणाला ती देवघरापर्यंत आधाराविना जाणे असतील, कोणाला जिन्याच्या चार पायऱ्या, कोणाला शेजारच्या मित्राच्या घरापर्यंतची फेरी. घरातील नातवाला ती सांगावीत आणि मोजण्याचे काम त्याच्याकडेच द्यावे. त्याच्या पुस्तकातील झुंज त्याने आपल्याला समजावून सांगितली, तर आपली झुंज त्याला जवळून पाहू द्यायला काय हरकत आहे?