चर्चेला बसलेले नव्व्याण्णव जण

आयर्लंडच्या 2016 ते 2018 या काळातल्या नागरिक सभेत 99 सामान्य मतदार आणि एक अध्यक्ष होत्या, न्यायमूर्ती मेरी लॅफॉय. सदस्य निवडणुकीतून आले नव्हते. वय, लिंग, प्रदेश आणि सामाजिक स्तर यांचे देशातले प्रमाण सांभाळून त्यांची निवड केली होती. 2017 च्या उत्तरार्धात या सभेपुढे हवामानबदलाचा प्रश्न आला.

डब्लिनजवळच्या मालाहाइडला, दोन शनिवार-रविवार मिळून 26 तास हे काम चालले. तज्ज्ञ थोडक्यात मांडणी करत, मग गोल टेबलांवर चर्चा होई. प्रत्येक टेबलावर एक सूत्रधार असे. मोठ्या आवाजाच्या माणसाने सगळा वेळ खाऊ नये आणि गप्प बसणाऱ्याचेही म्हणणे पुढे यावे, हे तो पाही. टेबलावर उठलेले प्रश्न तज्ज्ञांना थेट विचारले जात. मतदान शेवटी, आणि गुप्त.

प्रश्न सोपा नव्हता. आयर्लंडच्या हरितगृह वायूंपैकी तेव्हा सुमारे एक तृतीयांश वाटा शेतीचा, त्यातही मुख्यतः गाईगुरांचा. तरीही 80 टक्के सदस्यांनी कार्बन-प्रदूषण करणाऱ्या गोष्टींवर जास्त कर भरायची तयारी दाखवली. मोलाच्या आहेत त्या त्यांनी घातलेल्या अटी: हा पैसा हवामानाच्या कामालाच लागावा, आणि इंधनभत्ता मिळणाऱ्या सुमारे 4 लाख गरीब घरांवर वाढीव बोजा पडू नये. ‘कर हवा की नको’ एवढ्यावर थांबणाऱ्याला या अटी सुचत नाहीत. त्या सुचायला वेळ लागतो, माहिती लागते, आणि वेगळे आयुष्य जगलेला माणूस शेजारी बसलेला असावा लागतो.

आधी समजून घेऊन मग ठरवण्याची ही रीत मराठी मुलखाला परकी नाही. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावात अभ्यास गट आणि ग्रामसभा वेगळी ठेवली आहेत. गटात विषय समजून घ्यायचा, निर्णय मात्र ग्रामसभेत सर्वसहमतीने. जंगलाचा सामूहिक हक्क या गावाने 2009 साली मिळवला, त्यामागे अशा बैठकांची अनेक वर्षे होती. समजून घेणे आणि ठरवणे ही दोन वेगळी कामे आहेत, हे या गावाने मालाहाइडच्या कितीतरी आधी ओळखले होते.

आयर्लंडमध्ये पुढे 2021 च्या कायद्याने 2030 पर्यंत उत्सर्जन 2018 च्या तुलनेत 51 टक्के घटवण्याचे लक्ष्य ठरवले. शेतीतल्या वायूंवर कर लावावा, असे नागरिक सभेच्या 89 टक्के सदस्यांनी सुचवले होते. तो कर सरकारने लावलेला नाही.