लहरींचे मालक कोण?

रेडिओलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली दिला. खटला क्रिकेटच्या प्रक्षेपणाचा होता. पण २०२१ साली पुण्यात निवर्तलेले न्या. पी. बी. सावंत यांनी त्यात मांडलेले तत्त्व आज पुणेकरांच्या खिशातील मोबाइललाही लागू आहे.

लहरींचा साठा मर्यादित. म्हणूनच मोबाइलच्या मूळ रचनेत शहराचे लहान विभाग पाडून एकच वारंवारता दूरदूरच्या विभागांत पुन्हा वापरली गेली. शास्त्रज्ञांनी काटकसर शिकवली; सत्ताधाऱ्यांनी खैरात केली. २०१२ साली न्यायालयाला १२२ परवाने रद्द करावे लागले.

पुढे लिलावांनी तिजोरी भरली. परंतु मनोरे केवळ शहरी गिऱ्हाईक पाहून उभारले जाणार असतील, तर जिल्ह्यातील डोंगरवाड्यांचा वाटा कोठे गेला? मालकाने भाडेकरूला हा जाब विचारलाच पाहिजे.