दिल्लीच्या रस्त्यांवरील मृत्यू आणि चालकाच्या ‘बेपर्वाई’चा प्रश्न

राजधानीत रस्त्यावर माणूस चिरडला गेला की दुसऱ्या दिवशीच्या वृत्तपत्रांतील मजकूर ठरलेला असतो. गाडी भरधाव होती, चालक बेपर्वा होता, पोलिसांनी गुन्हा नोंदविला आहे. वाहन कोणत्या जातीचे होते, ते कोणाच्या मालकीचे होते, चालक किती तास चाकावर बसला होता आणि त्याचा मोबदला कोणत्या हिशेबाने ठरत होता, याविषयी त्या मजकुरात अवाक्षर नसते. अपघात म्हणजे एका माणसाच्या स्वभावाचा दोष, असे एकदा ठरविले की बाकीच्या सर्वांची सुटका होते.

२०२२ साली भारतातील रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली. एकट्या दिल्ली शहरात त्या वर्षी सुमारे दीड हजार बळी गेले. त्यांतील चाळीस टक्क्यांहून अधिक पायी चालणारे होते आणि उरलेल्यांत सर्वांत मोठा वाटा दुचाकीस्वारांचा होता. मोटारीत बसून मेलेले फारच थोडे. २०११च्या जनगणनेनुसार दिल्लीतील पाच कुटुंबांपैकी जेमतेम एका कुटुंबाकडे मोटार होती. म्हणजे रस्त्याचा सर्वांत मोठा भाग जे व्यापतात ते रस्त्यावर मरत नाहीत. मरतो तो कारखान्याच्या पाळीला निघालेला मजूर, भाजीची टोपली घेऊन रस्ता ओलांडणारी बाई, सायकलवरचा चौकीदार.

चालकाचे वर्तन कसे घडते हे पाहायचे असेल तर दिल्लीच्या खाजगी बसगाड्यांच्या इतिहासाइतका बोलका दाखला दुसरा नाही. १९९२ साली दिल्ली परिवहन निगमाच्या अपुऱ्या सेवेचे निमित्त पुढे करून खाजगी मालकांना परवाने वाटण्यात आले आणि ‘रेड लाइन’ बसगाड्या रस्त्यावर आल्या. अल्पावधीतच त्यांच्या चाकांखाली इतकी माणसे सापडली की लाल रंगाचीच लोकांना धास्ती बसली. त्यावर राज्यकर्त्यांनी शोधून काढलेला उपाय स्मरणात ठेवण्याजोगा आहे. त्यांनी रंग बदलला. ‘रेड लाइन’ची ‘ब्लू लाइन’ झाली. गाड्या, मालक आणि व्यवहार मात्र तसेच राहिले.

तो व्यवहार असा होता. बहुतेक मालकांकडे एक वा दोनच गाड्या असत. मालक ठरावीक रक्कम रोज उचलून घेई. डिझेल आणि पोलिसांचे ‘हप्ते’ भागवून जे उरेल त्यात चालक व वाहक यांची कमाई. प्रत्येक चढणारा उतारू म्हणजे काही आणे अधिक, आणि पुढची बस आपल्या आधी थांब्यावर पोहोचली तर तेवढी चूल कमी पेटणार. अशा स्थितीत थांब्यावर पोहोचण्याची शर्यत लागणे, उतारू पुरता चढण्याआधी गाडी हलविणे, दोन बसगाड्यांनी एकमेकींना दाबत जाणे यांस बेपर्वाई हे नाव देता येईल; पण ही बेपर्वाई रोज सकाळी मालकाच्या हिशेबवहीत जन्म घेत होती. त्याच शहरात, त्याच रस्त्यांवर निगमाचा कायम चालक मासिक वेतनावर गाडी हाकीत होता. निगमाच्या गाडीखाली कोणी मेले नाही असे मुळीच नव्हे, परंतु पुढच्या थांब्यावरचे उतारू पळविण्याची गरज त्या चालकाला नव्हती. २००७ सालापर्यंत ‘ब्लू लाइन’च्या बळींची संख्या वर्षाला शंभराच्या वर गेली, तेव्हा कुठे राजधानीत ओरड झाली. २०१० साली राष्ट्रकुल क्रीडास्पर्धांचे पाहुणे येणार म्हणून हटविण्याची निकड भासली आणि पुढच्या दोनेक वर्षांत या गाड्या टप्प्याटप्प्याने रस्त्यावरून गेल्या.

मधल्या काळात न्यायालयाने लक्ष घातले नाही असे नाही. १८ नोव्हेंबर १९९७ रोजी वझिराबादच्या पुलावरून शाळेची बस यमुनेत कोसळून २८ मुले बुडाली. दोनच दिवसांनी सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिला की दिल्लीतील बसगाड्या व मालमोटारींना ताशी ४० किलोमीटरवर वेग जाऊ न देणारे यंत्र बसवावे, बसगाड्यांनी डाव्या मार्गिकेतूनच जावे, थांब्यावरच थांबावे आणि चारचाकी वाहनास ओलांडून पुढे जाऊ नये. यांतील प्रत्येक अट योग्य होती. अवजड वाहनाच्या वेगाला लगाम घालणे हा तर भौतिकशास्त्राचाच धडा आहे: वेग ४० वरून ६० वर गेला की आघाताची शक्ती दीडपट नव्हे, सव्वादोन पट होते. तथापि, आदेशाने यंत्राला हात घातला, मार्गिकेला हात घातला, परंतु उतारूमागे कमाईच्या पद्धतीला हात लावला नाही. ज्याची भाकरी वेगावर अवलंबून आहे त्याच्या गाडीतील वेगनियंत्रक नादुरुस्त व्हायला वेळ लागत नाही.

२०११ पासून आलेल्या ‘क्लस्टर’ योजनेने हा धागा नेमका कुठे तुटू शकतो ते दाखविले. या योजनेत खाजगी कंपनीला तिकिटांच्या वसुलीवर नव्हे, तर गाडी किती किलोमीटर चालली यावर मोबदला मिळतो. तिकिटाचे पैसे सरकारजमा होतात. उतारूंसाठीची शर्यत यामुळे मागे पडली. चालकांच्या स्वभावात काही क्रांती झाली नव्हती, हिशेब तेवढा बदलला होता. खाजगीकरण कायमच ठेवणाऱ्या या योजनेचे गुणगान करण्याचे कारण नाही. किलोमीटरचा हिशेब उद्या चालकाच्या विश्रांतीवर चालून येतो, हेही तितकेच खरे.

आणि केवळ सार्वजनिक मालकी असली की झाले, असे मानणेही भाबडेपणाचे ठरेल. ८ जुलै २०१९च्या पहाटे लखनौहून दिल्लीकडे येणारी उत्तर प्रदेश परिवहन निगमाची बस यमुना द्रुतगती महामार्गावरून आग्र्याजवळ नाल्यात कोसळली आणि २९ प्रवासी ठार झाले. चालकाला डुलकी लागली असावी, असे तेव्हा सांगण्यात आले. गाडी सरकारी होती. २०१२ साली खुला झालेला १६५ किलोमीटरचा सरळसोट, एकसुरी काँक्रीटचा महामार्ग आणि रात्रभर जागलेला देह यांची गाठ पडली की गाडीवर कोणाचे नाव रंगविले आहे याने फरक पडत नाही.

वाहनाच्या जातीचा प्रश्न याहून अधिक टाळला जातो, कारण तो थेट धनिक वर्गाच्या अंगणात जातो. ताशी २५ किलोमीटरची मर्यादा असलेली ई-रिक्षा उलटली तर मुख्यतः आतल्यांचे हातपाय मोडतात. उंच नाकाडाची, दोन टनांची खाजगी गाडी मात्र आतल्यांना सांभाळते आणि बाहेरच्याला मारते. अमेरिकेतील विमा उद्योगाच्या महामार्ग-सुरक्षा संस्थेने २०२३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार ज्या गाड्यांच्या पुढच्या भागाची उंची चाळीस इंचांहून अधिक असते, त्यांच्या धडकेने पादचारी मरण्याचा संभव बुटक्या, उतरत्या नाकाच्या गाड्यांपेक्षा सुमारे ४५ टक्क्यांनी जास्त असतो. धडक पायांना बसत नाही, छातीला आणि डोक्याला बसते. आपल्याकडे मात्र हीच उंची ‘रुबाब’ म्हणून विकली जाते.

रस्ता कोणाचा, हा वाद दिल्लीत एकदा अगदी उघडपणे झाला. २००८ साली आंबेडकर नगर ते मूलचंद अशा ५.८ किलोमीटरच्या पट्ट्यात बससाठी स्वतंत्र मार्गिका, सायकलींसाठी वेगळी वाट आणि चालण्याजोगे पदपथ करण्यात आले. आखणीत उणिवा होत्या, चौकांत खोळंबा होई. पण आरडाओरड झाली ती मोटारींची गती मंदावली म्हणून. प्रकरण उच्च न्यायालयात गेले; मोटारवाले हे संपत्तीचे निर्माते आहेत, त्यांचा वेळ वाया जातो, असाही युक्तिवाद या वादात झाला. बसच्या दांडीला लोंबकळत ओखल्याच्या कारखान्यात जाणारा कामगार काय निर्माण करतो, हे त्या पंडितांनी सांगितले नाही. २०१२ साली न्यायालयाने याचिका फेटाळली, तरीही २०१६ साली हा मार्ग उखडण्यात आला. दरम्यान सिग्नलविरहित रस्ते आणि उड्डाणपूल वाढत गेले, आणि पायी जाणाऱ्याने पादचारी पुलाचे जिने चढावेत, नाहीतर जीव मुठीत धरून पळावे, अशी व्यवस्था झाली.

मराठी वाचकाला हे सारे दूरचे वाटण्याचे कारण नाही. ९ डिसेंबर २०२४च्या रात्री मुंबईत कुर्ल्याला बेस्टच्या सेवेतील, पण खाजगी कंत्राटदाराकडून भाड्याने घेतलेली विजेरी बस गर्दीत घुसली आणि अनेकांचे प्राण गेले. स्वयंचलित गिअरच्या या नव्या जातीच्या गाडीवर चालकाचे प्रशिक्षण अपुरे होते, ही बाब तेव्हा पुढे आली. कोठडीत गेला तो चालक. अपुऱ्या शिक्षणानिशी त्याला चाकावर बसविणारी कंत्राटी पद्धत मुंबईच्या रस्त्यांवर चालूच राहिली.

‘ब्लू लाइन’चा तोच जुना हिशेब आता दुचाकीवर बसला आहे. दहा मिनिटांत माल घरपोच देण्याच्या जाहिरातींवर ज्या कंपन्या गुरुग्राम आणि दिल्लीत पोसल्या गेल्या, त्यांच्यासाठी धावणारा तरुण कागदोपत्री कामगारही नाही, ‘भागीदार’ आहे. फेरीमागे पैसे मिळतात, म्हणून तो लाल दिवा ओलांडतो, उलट्या दिशेने जातो. वाहतूक पोलिसांच्या दंडाची पावती त्याच्या नावाने फाटते.

दंडाची भाषा वरपर्यंत पोहोचली आहे. जुन्या दंडसंहितेत निष्काळजीपणाने मृत्यू ओढवल्यास दोन वर्षांपर्यंत शिक्षा होती. नव्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६(२) मध्ये, अपघातानंतर न कळविता पळून जाणाऱ्या चालकास दहा वर्षांपर्यंत कारावास सांगितला गेला. जानेवारी २०२४ मध्ये मालमोटार-चालकांनी देशभर चाके थांबविली आणि १ जुलै २०२४ रोजी संहिता लागू करताना सरकारला हे उपकलम बाजूला ठेवावे लागले. लढा न्याय्य होता, कारण जमावाच्या हाती मरण्याच्या भीतीने पळणारा चालक आणि दारू पिऊन मोटार उडविणारा श्रीमंताचा मुलगा यांना कायद्याने एकाच मापाने मोजले होते. मात्र रस्त्यावर रक्ताच्या थारोळ्यात सोडून दिलेला माणूसही श्रमिकच असतो, हे चालकांच्या संघटनांनी आपल्या सभासदांना तितक्याच ठामपणे सांगितले पाहिजे; आणि शिक्षेला विरोध करताना कामाच्या तासांची मागणी सर्वांत वर ठेवली पाहिजे.

ती मागणी आज अधिक अवघड झाली आहे. मोटार वाहतूक कामगारांसाठी १९६१ साली झालेल्या कायद्याने दिवसाला आठ आणि आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घातली होती, पण तो पाच वा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांनाच लागू होता. एका-दोन गाड्यांचा मालक बाहेरच राहिला, ‘ब्लू लाइन’चाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या कामगार संहितेने हा कायदा पोटात घेतला आणि पाचाचा आकडा दहा केला.